आई विडी वळते, मी पुण्यात असतो. युनियनला माझा काय उपयोग?

एका मुलानं विचारलंय: "अक्का, माझी आई सोलापूरला नीलमनगरात राहते, बावीस वर्षं विडी वळते. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या महिन्यात मजुरीवाढीसाठी पूनम गेटवर मोर्चा होता. मी मुद्दाम सुट्टी काढून आलो, फोटो टाकले, लोकांनी भरपूर पुढे पाठवले. घरी आलो तर आई म्हणाली, 'त्यानं काय व्हतंय? पानं तर आजबी कमीच दिली.' तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. आमच्यासारख्यांनी युनियनला खरी मदत करायची तर काय करायचं?"

तुझ्या आईनं एका वाक्यात माझं अर्धं उत्तर देऊन टाकलंय. उरलेलं अर्धं मी देते. अठ्ठावीस वर्षं युनियनच्या कामात गेली, म्हणून थोडं लांबेल.

माझे वडील मिलमध्ये होते. भोंगा झाला की घर हलायचं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल, प्रत्येकाचा भोंगा वेगळा आणि प्रत्येक घराला आपला ओळखू यायचा. त्या काळात युनियन बांधणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट होती: गेट. पाळी सुटली की हजार माणसं एकाच दारातून बाहेर पडायची. दाराशी स्टूल टाकून उभं राहिलं की सभा झाली. विडीवाल्या बाईला गेट नाही. तिचा कारखाना म्हणजे तिच्या घराचा उंबरा आणि मांडीवरचं सुपडं. ती सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये जाते, कालच्या विड्या देते, आजचं तेंदूचं पान, तंबाखू, सूत घेते आणि घरी येते. मोजणी, तपासणी, छाट म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढणं, सगळं तिथं खिडकीत दहा-पंधरा मिनिटांत उरकतं, आणि त्या खिडकीत ती एकटी असते. मोर्चात ती हजारांत असते, पण तिचं नुकसान होतं ते खिडकीत. बाहेरच्या माणसाला मदत करायची असेल तर त्या खिडकीपासून सुरुवात करायला हवी.

आता तुझ्या आईची पानं. हजार विड्यांना अमुक वजनाचं पान, असा हिशोब असतो. पान चांगलं असेल, ओलं करून फडक्यात नीट मुरवलं असेल, तर फर्म्यानं, म्हणजे मापाच्या साच्यानं, कापताना वाया कमी जातं. पान जुनं, फाटकं, जाड शिरांचं आलं की तेवढ्याच वजनात हजार भरत नाहीत. मग बाई काय करते? बाजारातून स्वतःच्या पैशानं पान आणते आणि हजार पुरे करते. ते पैसे मजुरीतूनच जातात, पण कुठल्याही कागदावर ते दिसत नाहीत. दुसरीकडं छाट. समजा रोज चाळीस विड्या छाटल्या. पंचवीस दिवसांत झाल्या हजार. म्हणजे महिन्यात एक पूर्ण दिवस ती फुकट बसली. साठ विड्यांचं पान कमी पडत असेल तर आणखी दीड दिवस. आम्ही सहा-सहा महिने भांडून मजुरीत जी वाढ मिळवतो, त्यातली किती या दोन भोकांतून गळते ते तूच काढ. हिशोब तुला येतो.

तेव्हा पहिलं काम: एक वही. शाळेची, शंभर पानी. तारीख, किती पान मिळालं, किती विड्या दिल्या, किती छाटल्या, किती पान विकत आणलं, हातात किती पैसे आले. सहा रकाने. तुझी आई लिहीत नसेल तर शेजारची शाळकरी पोरगी लिहील. काही वर्षांपूर्वी एका गल्लीत आम्ही चाळीसेक बायकांकडून तीन महिने अशा वह्या लिहून घेतल्या. त्या वेळी आमच्यातल्याच जुन्या कार्यकर्त्यांनी चेष्टा केली, "अक्का, आंदोलन करायचं की शाळा काढायची?" पण त्या वह्या घेऊन सहायक कामगार आयुक्तांसमोर बसलो तेव्हा कंपनीच्या माणसाला "सरासरी छाट किरकोळ असते" एवढंच म्हणून सुटता आलं नाही. आमच्याकडं तारखेनिशी आकडा होता, त्याच्याकडं अंदाज होता. सगळं मिळालं असं नाही. छाट कमी झाली, पानाचा प्रश्न वर्षभरात पुन्हा जागच्या जागी आला. पण छाट कमी झाली ती कागदावर झाली, आणि पुढच्या वेळी बोलणी तिथून सुरू झाली.

या छाटीवरून कायद्याची एक गंमत सांगते, कारण तुझ्या पिढीला 'गिग' वगैरे शब्द माहीत आहेत आणि भांडण तेच आहे. विडी मालकांचं म्हणणं अनेक वर्षं असं होतं की घरी बसून वळणारी बाई ही आमची कामगार नाहीच, ती मर्जीनं काम करते, आम्ही तिच्यावर लक्ष ठेवत नाही. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरखात्यातल्या, म्हणजे घरी बसून वळणाऱ्या, बाईलाही कामगार मानलं. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, १९७४ मध्ये कायदा टिकला. मग भविष्यनिर्वाह निधीवरून पुन्हा तेच. १९८५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की बाई घरी बसून काम करत असली तरी तिनं केलेला माल तपासून नाकारायचा अधिकार मालकाकडं आहे ना? मग तोच त्याचा ताबा, आणि ती त्याची कामगार. म्हणजे बघ, ज्या छाटीनं ती नागवली जाते, त्याच छाटीनं तिला पीएफ मिळवून दिला. हे मी बायकांना सांगते तेव्हा आधी हसतात, मग म्हणतात, पुन्हा सांग.

पीएफ हाच तो विषय आहे जिथं तुझ्यासारख्या मुलाचा सर्वांत जास्त उपयोग आहे. इथं मी जरा रेंगाळणार.

विडी उद्योगात पीएफची कपात इतर ठिकाणासारखी बारा नाही, दहा टक्के असते. मालकाच्या हिश्श्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात जातो. दहा वर्षं सेवा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन. विडीची मजुरीच एवढी कमी की सूत्रानं काढलं तर पेन्शन कधी कधी हजाराच्याही आत येते, म्हणून सप्टेंबर २०१४ पासून किमान एक हजार रुपये केली. हजार रुपयांत आज काय येतं ते तुला सांगायला नको. ती वाढावी म्हणून देशभर पेन्शनर भांडत आहेत, त्यांच्या बाजूनं उभं राहणं हेही कामच आहे. पण ते हजारही हजारो बायकांना मिळत नाहीत, आणि कारणं अगदी फालतू आहेत.

पहिलं कारण नाव. आपल्या शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरं. घराण्याचं नाव आधी, मग माणसाचं. फॉर्मवर उलटं. पासबुकात 'नरसाबाई', आधारवर 'नरसम्मा', रेशनकार्डावर 'नरसव्वा', आणि आडनाव एके ठिकाणी माहेरचं. ब्रँचमधल्या कारकुनानं वीस वर्षांपूर्वी ऐकू आलं तसं लिहिलं, आणि संगणकाला तीन वेगळ्या बायका दिसतात. जन्मतारीख तर बहुतेकींची १ जून किंवा १ जानेवारी, शाळेतल्या गुरुजींनी किंवा आधारवाल्यानं ठोकलेली. जुन्या खात्यांत दुरुस्ती करायची तर मालकाच्या सहीचा जॉइंट डिक्लेरेशन फॉर्म लागतो. ब्रँच बंद पडली असेल किंवा कंपनीनं नाव बदललं असेल, तर सही करणारा शोधायलाच महिने जातात. एका आजीच्या पेन्शनसाठी मी अकरा महिने फिरले. ती म्हणायची, "तू लेकीसारखी आहेस म्हणून फिरतेस, नाहीतर मी सोडूनच दिलं असतं." सोडून दिलेल्या किती असतील, याचा विचार मी रात्री करत नाही. झोप येत नाही मग.

दुसरं कारण जास्त वाईट, कारण ते आपणच करतो. लेकीचं लग्न निघतं, नवरा आजारी पडतो, आठ वर्षं सेवा झालेली असते. कुणीतरी एजंट गल्लीत येतो, "पेन्शनचे पण पैसे काढून देतो" म्हणतो. दहा-सी नंबरचा फॉर्म भरला की हातात काही हजार येतात आणि आठ वर्षांची सेवा पुसली जाते. पुन्हा काम सुरू केलं तर शून्यापासून. साडेनऊ वर्षं झाली असतील तर ती दहा धरली जातात, हे एजंट सांगत नाही. त्याचं कमिशन काढण्यात आहे, थांबवण्यात नाही. तेव्हा तुझ्या गल्लीत एवढं जरी सांगितलंस की पेन्शनचा पैसा दहा वर्षं होईपर्यंत शिवायचा नाही, तरी तुझ्या सगळ्या फोटोंपेक्षा ते मोठं काम आहे. रागावू नकोस.

तिसरं कारण बोटं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पीएफ पेन्शनवाल्यांना तो वर्षात कधीही देता येतो आणि पुढं बारा महिने चालतो. पण यंत्रावर अंगठा ठेवायचा, आणि चाळीस वर्षं पान आणि कात्री धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या. यंत्र लाल दिवा दाखवतं. बाई समोर बसलेली आहे आणि यंत्र म्हणतं तू नाहीस. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो दाखला निघतो. त्यासाठी बरा कॅमेरा असलेला फोन आणि दहा मिनिटं धीरानं बसणारा माणूस लागतो. फोन तुझ्याकडं आहे.

आणि चौथं, जे मोठ्यानं बोललं जात नाही: कंपनीनं दुसऱ्याच्या नावानं दिलेल्या कामगार कार्डावर वळणं. घरात सासू, सून, लेक तिघी वळतात, कार्ड एकाच नावाचं. किंवा कार्ड शेजारणीचं, काम हिचं. बावीस वर्षं वळूनही कागदावर ती कामगारच नाही. तुझ्या आईचं काय आहे ते आधी घरात विचार. मोर्चाच्या घोषणा देताना मला कायम हे टोचतं की समोर बसलेल्यांतल्या किती जणी कायद्याला दिसतच नाहीत. नवीन कार्डं काढायला कंपन्या नाखूश असतात आणि युनियनही, आमच्यासकट, जुन्या सभासदांच्या मागण्यांत अडकलेल्या असतात. आमच्यावर टीका करायची असेल तर इथं कर. ऐकून घेऊ.

हे सगळं ऐकून तू म्हणशील, अक्का, हे तर सेतू केंद्राचं काम झालं, यात लढा कुठं आला? मी उलट विचारते, लढायला माणसं येतात कशानं? जिची पेन्शन युनियनच्या कार्यालयात बसून सुटली, तिला मोर्चाला बोलवावं लागत नाही. ती चार जणींना घेऊन येते. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या माळावरची घरं आठव. गोदूताई परुळेकर वसाहतीतली विडी कामगारांची दहा हजार घरं, ज्यांचं लोकार्पण २००६ मध्ये मनमोहन सिंग यांनी केलं. मग रे नगरची तीस हजारांची योजना, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला नरेंद्र मोदींच्या हातून मिळाल्या. पक्ष वेगळे, सरकारं वेगळी, पाठपुरावा मात्र माकपच्या नरसय्या आडम मास्तरांचा आणि त्यांच्या लाल बावटा युनियनचा. मी त्यांच्या युनियनची नाही, आमचे त्यांच्याशी मतभेदही आहेत, पण हे मान्य करायला काय हरकत आहे? त्या घरांमागं मोर्चे होतेच. पण एकेका बाईचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, हप्त्याची पावती, बँकेचं कर्जप्रकरण, हे डोंगराएवढं होतं. मोर्च्याचा फोटो पेपरात येतो, फायलीचा येत नाही.

आता संपाकडं वळू, कारण बाहेरच्या लोकांना संपाचं फार आकर्षण असतं.

विडीचा संप मिलच्या संपासारखा चालत नाही. मिल बंद झाली की माल थांबायचा. विडीत गोदामात माल पडून असतो आणि पान दुसरीकडं पाठवता येतं. जिथं मजुरी कमी किंवा युनियन कच्ची, तिकडं. आपल्याकडं आठ दिवस सुपडी रिकामी राहिली की पहिला माणूस दारात येतो तो मालकाचा नसतो, बचत गटाच्या नावानं कर्ज दिलेल्या मायक्रोफायनान्सचा असतो. हप्ता आठवड्याचा. गटातली एक चुकली तर बाकीच्यांनी भरायचा. म्हणजे संप फोडायला कुणाला पाठवायचीही गरज नाही, हप्त्याचा वार येतो आणि बायकाच एकमेकींवर चिडतात. मुंबईच्या १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपातून मी शिकले ती गोष्ट हीच: संप सुरू कसा करायचा हे सगळ्यांना माहीत असतं, किती दिवस टिकेल आणि कशावर मागं घ्यायचा हे आधी ठरलेलं नसतं. अडीच लाख माणसं होती रे. धैर्य कमी नव्हतं.

म्हणून संपात मदत म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, आणि त्या आठवड्याचा हप्ता पुढं ढकलण्यासाठी वसुलीवाल्याशी बोलणारा, नियम माहीत असलेला माणूस. वर्गणी जमवायची असेल तर युनियनच्या खात्यात आणि पावती घेऊन. तुझ्या स्वतःच्या क्यूआर कोडवर नाही, तू कितीही प्रामाणिक असलास तरी. माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या मुलाची वर्षाची मैत्री सात हजारांच्या हिशोबावरून तुटली.

आणि एक काम आहे जे फक्त आपल्या लोकांनाच जमेल. आपल्या तेलुगू विणकर पद्मशाली घरांची सोयरीक सोलापूर, भिवंडी, सिरसिल्ला, करीमनगर, निजामाबाद अशी पसरलेली आहे. तुझी एखादी मावशी तिकडं असणारच. इथं संप असताना तिकडं जास्तीचं पान आलं का, हे मावशीच्या फोनवर कळतं. तिकडच्या बायकांना "आमचं पान वळू नका" असं सरळ सांगायचं नाही, त्यांनाही पोट आहे. त्यांना आपला दर सांगायचा. "अगं, आमच्याकडं हजाराला इतके मिळतात, तुम्हाला इतके कमी का?" एवढंच. पुढचं त्या करतात. दोन राज्यांतल्या दरांमधली फट जेवढी कमी होईल तेवढं पान पळवणं परवडत नाही. नारळी पौर्णिमेच्या रथोत्सवाला पाहुणे येतात तेव्हा आम्ही मुद्दाम हा विषय काढतो. गेल्या काही वर्षांतल्या आमच्या सगळ्यात उपयोगी बैठका जेवणाच्या पंगतीतच झाल्यात.

कायद्याचं बदललेलं थोडक्यात सांगून ठेवते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. ६६ चा विडी कायदा त्यात विरघळला. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणं संपाला चौदा दिवस आधी नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त माणसांनी एकाच दिवशी मिळून रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. आधी महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानं युनियनच्या मान्यतेसाठी तीस टक्के सभासद पुरायचे. आता एका युनियननं एकट्यानं बोलणी करायची तर एक्कावन्न टक्के हवेत, कुणाकडंच तेवढे नसतील तर वीस-वीस टक्केवाल्यांची मिळून परिषद. आमच्यासारख्या चार झेंड्यांच्या शहरात याचा अर्थ एवढाच की एकमेकांचे सभासद पळवण्याचे दिवस संपवावे लागतील. संहितांना विरोध आहेच, आम्ही रस्त्यावरही उतरलो. पण विरोध असला तरी वाचाव्या लागतातच. इंग्रजी मसुदा वाचून चार ओळींत मराठीत आणि तेलुगूत सांगणारा मुलगा आम्हाला हवा आहे. आवाज रेकॉर्ड करून पाठवलास तरी चालेल, बायका वळता वळता ऐकतात.

मोर्चाबद्दल फार नाही सांगत. ये. मागं चाल. पाण्याचा कॅन धर, म्हाताऱ्यांना सावलीत बसव, लहान पोरं सांभाळ. माइक मागू नकोस. दिला तर आईबद्दल बोल, क्रांतीबद्दल नको. परवानगीचं पत्र पोलीस ठाण्यात दिलंय का, जमावबंदीचा आदेश चालू आहे का, हे आम्ही बघतो. तू फक्त सांगितल्या जागेवर उभा राहा. आणि फोटोत चेहरे दाखवू नकोस. तू टाकलेल्या फोटोत दुसऱ्या रांगेत दोघी होत्या, ज्यांच्या ब्रँचमध्ये नंतर विचारणा झाली. त्यांनी तक्रार केली नाही. मला कळलं म्हणून सांगतेय. पाठमोरा फोटो काढ, हातातला फलक काढ, विचारून काढ. बहिष्काराचं आवाहनही मनानं करायचं नाही. कामगार म्हणतील तेव्हाच. एकदा चादरीवर कुणीतरी उत्साहानं बहिष्कार पुकारला, मागवाल्यानं माग निम्मे केले, आणि घरी बसला तो मागासाठी कांड्या भरणारा कांडीवाला.

बाहेरच्या माणसानं युनियनमध्ये पुढारी व्हावं का, असंही काही जण विचारतात. कायद्याला चालतं. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून बाहेरच्यांना पदाधिकारी होता येतं, असंघटित क्षेत्रात निम्म्यापर्यंत. आपल्या शहरात तर याला मोठी परंपरा आहे. तू ज्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतोस, ते नाव ज्यांच्यावरून पडलं त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र काढायचे आणि मिल कामगारांत वावरायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, सगळे वेगवेगळ्या समाजांचे. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला तो अशा मिसळलेल्या गर्दीमुळं. तेव्हा बाहेरच्याचं मला वावडं नाही. माझी भीती दुसरी आहे. शिकलेला मुलगा आला की बायका गप्प होतात. तू बोलायला लागलास की त्या मान डोलावतील, आणि तुला वाटेल पटलं. बैठकीत पहिला अर्धा तास तोंड उघडायचं नाही, एवढा नियम पाळलास तर पुष्कळ शिकशील.

तुझ्या पत्रात न विचारलेला एक प्रश्न मला वाचता आला. तंबाखू वाईट, मग विडी कामगारांची बाजू घ्यायची कशी? तुझ्या घरात खोकला असेल, सुपड्यावरची धूळ तू लहानपणापासून बघितली असशील. मला यात अडचण वाटत नाही. धंदा बसत चाललाय, आणि माझ्या लेकीनं विडी वळली नाही याचा मला आनंद आहे. पण धंदा वाईट म्हणून मजुरी कमी द्या, पीएफ बुडवा, असं कसं? तंबाखू नियंत्रणाचा जो जागतिक करार भारतानं २००४ मध्ये मान्य केला, त्याच्या सतराव्या कलमात तंबाखूवर पोट असणाऱ्यांना परवडणारा दुसरा रोजगार मिळवून देण्यासाठी मदत करायचं लिहिलंय. पाकिटावरचं चित्र मोठं झालं, सतराव्या कलमाचं काय झालं ते कुणी विचारत नाही. पूर्वी विड्यांवर उपकर होता, त्यातून कामगारांचा कल्याण निधी चालायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. मुलांची शिष्यवृत्ती अजून चालू आहे, ऑनलाइन अर्ज असतो, तारीख चुकते. तोही फॉर्म आहे. तुझ्या कॉलेजचे पैसे कदाचित त्यातूनच आले असतील, आईला विचार.

शेवटी तुझ्या स्वतःबद्दल. तू कामगार नाहीस असं तुझ्या पत्रातून वाटतं. "आमच्यासारख्यांनी" म्हणतोस. रात्री दहाला मीटिंग असते, एका ईमेलवर माणसं घरी जातात, राजीनामा दिल्यावर हिशोब कधी मिळेल त्याचा पत्ता नसतो. हे सगळं मला माझ्या भाच्यानं सांगितलंय. नव्या वेतन संहितेत काम सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत पैसे द्यायचं लिहिलंय, हे तुझ्या टीममध्ये किती जणांना माहीत आहे? आणि तुमच्या इमारतीच्या गेटवर उभा असलेला वॉचमन? महाराष्ट्रात सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा वेगळा कायदा आहे, मंडळ आहे. त्याला बारा तास उभं राहून पैसे आठच तासांचे मिळतात का, पीएफची पावती मिळते का, एकदा चहा पाजून विचार. तो लातूरचा निघेल, नाहीतर अक्कलकोटचा. सोलापूरला येऊन पाचशे बायकांमागं चालणं सोपं आहे. ऑफिसातल्या एका माणसाबाजूनं एचआरला ईमेल पाठवताना हात कसा थरथरतो ते बघ, मग आईचं खिडकीतलं गप्प राहणं कळेल.

आता कामाचं. पुढच्या वेळी येशील तेव्हा शुक्रवारच्या गाडीनं ये, शनिवारी ब्रँच चालू असते. आईसोबत खिडकीपर्यंत जा, पण बाहेर थांब आणि बोलू नकोस, नुसतं बघ. घरी येऊन तिचं कार्ड, पासबुक, आधार, रेशनकार्ड एका रांगेत मांड आणि नावं जुळवून बघ. पीएफचा यूएएन नंबर चालू आहे का, पासबुकात कोणत्या वर्षांचे पैसे आलेत, कोणत्या वर्षांचे नाहीत, वारस म्हणून कुणाचं नाव आहे. तुझ्या वडिलांचं असेल आणि ते नसतील तर ते आधी बदलायचं. एवढं झालं की शेजारच्या दोघींचं. संध्याकाळी सहानंतर मी कार्यालयात असते. येताना शंभर पानी वह्या आण, रेघांच्या, डझनभर तरी. आमच्याकडच्या मागच्या महिन्यात संपल्या.